गजबजलेल्या घरातील संन्यासी : रेव्हरंड नारायण वामन टिळक

सण म्हटला की घर गजबजते, आणि घर गजबजले की देवासाठी राखून ठेवलेला वेळ सर्वांत आधी खर्ची पडतो, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे. महालक्ष्म्यांच्या दिवशी आमच्या मराठवाड्यातील गृहिणी पहाटेपासून चुलीपुढे बसते. पुरण शिजते, सोळा भाज्या चिरल्या जातात, आंबील होते, सवाष्णींची पाने वाढली जातात. आणि दिवस मावळल्यावर, जिच्या हातून हा सारा सोहळा घडला, तिला देवीपुढे दोन घटका स्वस्थ बसण्याचे त्राण उरत नाही. आरास उत्तम होते, नैवेद्य यथासांग होतो. मन मात्र ज्याच्यासाठी हे सारे करावयाचे त्याच्यापासून दूरच राहते.

ही अडचण केवळ आपल्याच सणांची आहे असे नव्हे. मार्गशीर्ष सरत येतो, दत्तजयंतीचा प्रसाद घरोघर पोचतो, आणि त्याच सुमारास आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी नाताळाची लगबग सुरू होते. ख्रिस्ती पंचांगात नाताळापूर्वीचे चार रविवार आगमनकाळ म्हणून पाळले जातात. येणाऱ्या प्रभूसाठी अंतःकरण झाडून-सारवून ठेवावे, बोलणे कमी करावे, प्रार्थना वाढवावी, असा त्या काळाचा हेतू. पण नेमके तेच आठवडे भिंतींच्या सफेदीचे, कपडेखरेदीचे, करंज्या-चकल्यांचे, गाण्यांच्या तालमींचे आणि पाहुण्यांच्या सरबराईचे ठरतात. दारावर कागदी चांदणी लागते आणि घरातील माणसांना ती डोळे भरून पाहण्यास सवड मिळत नाही. मग देवजन्माच्या रात्री मनाला हवी असलेली शांती आणावयाची कोठून?

हा प्रश्न घेऊन आम्ही आज वाचकांपुढे एका पुरुषाचे चरित्र ठेवीत आहोत. ते जन्माने चित्पावन ब्राह्मण, व्यासंगाने संस्कृतज्ञ, प्रतिभेने महाराष्ट्राचे आवडते कवी आणि उपासनेने ख्रिस्ती होते. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेच्या पुस्तकांतून ते आपल्या घरांत पूर्वीच येऊन गेलेले आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्यांचे नाव. त्यांनी आपल्या आयुष्याची दोन दशकांहून अधिक वर्षे ज्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, आणि त्याच्या आसपास घालविली, ते आम्हां आष्टीकरांना मुळीच परके नाही. टिळकांच्या काळी आष्टी निजामाच्या मुलखात आणि नगर इंग्रजी अमलात होते. पण बाजारहाट, दवाखाना, शिक्षण यांसाठी सरहद्द ओलांडून नगरची वाट धरणे ही आमच्याकडील जुनी रीत. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नवीन आष्टी ते नगर हा ६६ किलोमीटरांचा लोहमार्ग गाड्यांसाठी खुला झाला आणि ती वाट अधिकच जवळची झाली. आमच्या तालुक्यात सावरगावी मच्छिंद्रनाथांचे स्थान आहे, पलीकडे पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथ आहेत. घर सोडून देवाच्या शोधात हिंडणाऱ्या जोग्यांची कथा या डोंगरपट्ट्याला नवी नाही. टिळकांची कथाही अशाच शोधाची आहे; फरक एवढाच की तिचा शेवट घर सोडण्यात न होता घरी येण्यात झाला.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात करजगाव येथे झाला. वडील वामनराव करड्या स्वभावाचे होते. आई जानकीबाई भक्तिमान, कोमल मनाची आणि कवितेची आवड असलेली होती. मुलाला जे काही गोड मिळाले ते आईकडून. ती लवकर गेली आणि नारायणाला घर घर वाटेनासे झाले. पोरवयातच त्याने नाशिकची वाट धरली. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानापाशी संस्कृताचे अध्ययन झाले. बुद्धी तीव्र, स्मरण दांडगे, वाणी रसाळ. परंतु चित्त एका जागी ठरेना. हे न ठरणे पुढे अनेक वर्षे त्यांच्या पायांत राहिले.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही अकरा वर्षांची मुलगी त्यांची पत्नी झाली. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. तिच्या माहेरी सोवळ्याचे स्तोम एवढे की मीठ-साखरही धुऊन घ्यावी असा वडिलांचा आग्रह. अशा घरातून आलेल्या या मुलीचा संसार एका वाऱ्याबरोबर सुरू झाला. टिळक कधी शिक्षक होत, कधी पुराण सांगत, कधी वक्ते होत. नाशिक, मुंबई, पुणे, मुरबाड, नागपूर अशी ठिकाणे बदलत. एखाद्या दिवशी कोणासही न सांगता ते घरातून निघून जात आणि पुन्हा एखाद्या दिवशी अवचित परत येत. हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या दुःखापुढे टिकत नसे. त्यांच्या अंतःकरणात मोठी तहान होती, हे निःसंशय. पण त्या तहानेपायी घरातील चूल किती वेळा विझली हे लक्ष्मीबाईंनाच ठाऊक. पुढे त्यांनी आपल्या स्मृतिचित्रांत हे सारे कटुतेवाचून, हसतखेळत लिहून ठेवले म्हणून ते हलके होते असे वाचकांनी समजू नये.

नागपुरात आप्पासाहेब बुटी या विद्याप्रेमी धनिकाच्या आश्रयाने टिळकांना संस्कृत ग्रंथांचे भांडार खुले झाले. शास्त्रे वाचावी, कूटप्रश्नांचा उलगडा करावा, धर्माची नवी मांडणी करावी असा ध्यास त्यांनी घेतला. देश उठावा, जातिभेद मिटावा, माणसाने माणसाला जवळ करावे, यासाठी कोणत्या धर्माचे बळ पुरे पडेल या विचाराने त्यांची झोप उडाली होती. अशा मनःस्थितीत १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. बोलणे कवितेवरून धर्मावर आले आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ती वाचावयास घेतली आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. शत्रूवरही प्रेम करावे, उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, प्रार्थना खोलीचे दार लावून एकांतात करावी, या शिकवणीने त्यांच्या मनाचा ठाव घेतला. ज्या पुरुषाला आजवर कोणतीही जागा धरून ठेवू शकली नव्हती, तो त्या काही पानांपाशी थांबला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराच्या वादात आम्हांस येथे शिरावयाचे नाही. परंतु त्या दिवसाचा घाव कोणावर बसला हे सांगितल्यावाचून हे चरित्र खरे होणार नाही. लक्ष्मीबाई त्या वेळी आपल्या माणसांत होत्या. बातमी आली तेव्हा घरात कोणी मरण पावल्यासारखा आकांत झाला. पती जिवंत, पण त्याच्या पंक्तीला बसता येत नाही. कपाळी कुंकू आहे, पण संसार नाही. पदरी लहानगा दत्तू आहे आणि त्याचा बाप परका झाला आहे, अशी ही अवस्था. थोरली बहीण भिकूताई आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांनी त्यांना आधार दिला. काही काळ त्या पंढरपुरातही राहिल्या.

त्या दिवसांतील सणांची कल्पना वाचकांनी, विशेषतः आमच्या भगिनींनी, करून पाहावी. दिवाळी आली की साऱ्या घरांत दिवे लागावेत, पाडव्याला बायकांनी पतीला ओवाळावे, आणि या बाईने तबक कोणापुढे धरावे? तिकडे नगरात टिळकांचे पहिले काही नाताळ गेले तेही एकट्याचेच. नव्या समाजाने त्यांना प्रेमाने जवळ केले होते, उपासनामंदिरात आनंद होता, गाणी होती. पण ज्या आनंदात पत्नी आणि मूल नाही तो आनंद घराच्या उंबरठ्यापर्यंतच येतो. ज्या शांतीसाठी त्यांनी एवढे मोल दिले, तिची कसोटी याच वर्षांत लागली. पूर्वीचे टिळक असते तर ते पुन्हा कोठेतरी निघून गेले असते. या वेळी ते निघून गेले नाहीत. ते नगरात राहिले, ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या विद्यालयात शिकवू लागले, पत्नीला पत्रे लिहू लागले, तिची वाट पाहू लागले. मनाची स्थिरता त्यांच्या आयुष्यात प्रथम दिसते ती येथे, या वाट पाहण्यात. आगमनकाळ म्हणजे तरी दुसरे काय? जो येणार त्याच्यासाठी दार उघडे ठेवून, न कंटाळता, जागचे न हलता थांबणे.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरास आल्या. आल्या त्या हिंदू म्हणूनच. त्यांचे पाणी वेगळे, त्यांचा स्वयंपाक वेगळा, सोवळे कडक. टिळकांनी त्यांच्या आचारात हस्तक्षेप केला नाही आणि आपल्या धर्मासाठी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. पुढे माणसामाणसांतील शिवाशीव देवाने घातलेली नाही असे बाईंच्या मनाने स्वतःच ठरविले, आणि १९०० साली त्यांनी आपल्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षांचे अंतर अशा रीतीने मिटले. एकाच्या श्रद्धेला दुसऱ्याने किती मोकळी जागा द्यावी याचा हा धडा कोणत्याही धर्माच्या घराला घेता येण्यासारखा आहे.

आणि आता या घराची गर्दी सुरू झाली. १८९९-१९०० चा दुष्काळ नगरच्या आणि आमच्या या पट्ट्याला होरपळून गेला. मायबाप गमावलेली मुले रस्त्यावर आली. टिळक अशी मुले घरी आणीत आणि लक्ष्मीबाई त्यांना न्हाऊमाखू घालून पोटाशी धरीत. नको असलेली म्हणून जिचे नावच नकुशी पडले होते अशी एक पोरही या घराची लेक झाली. अंगणात मुले, ओसरीवर विद्यार्थी, दाराशी याचक, आतल्या खोलीत पाहुणे. त्यांत कवींची वर्दळ. १९०७ साली जळगावला पहिले कविसंमेलन भरले, तेथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाला बालकवी ही पदवी मिळाली. पुढे हा मुलगा नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिला. ठोंबरे आपल्या धर्मातच राहिले, पण त्या घरात त्यांना पोटच्या मुलाचे स्थान होते. वाढत्या पंक्ती, अपुरा पगार आणि मालकांचा उदार हात, या तिहींचा मेळ घालणे हे लक्ष्मीबाईंचे रोजचे कर्म. एरवीच्या दिवशी ज्या घरी एवढी पाने, तेथे नाताळाच्या दिवशी किती असतील!

अशा घरात टिळकांनी आपला एकांत शोधला. तो त्यांना कोठे मिळाला? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या अभंगांत आहे. त्यांच्या आधी मराठी ख्रिस्ती उपासनेत पुष्कळशी गीते इंग्रजीवरून उतरविलेली आणि परक्या चालींवर बसविलेली असत. शब्द मराठी, पण जिभेवर ते घोळत नसत. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी नगरातच ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. टिळकांनी ती वाट प्रशस्त केली. त्यांनी टाळ-मृदंगाला उपासनेत मानाचे स्थान दिले, कीर्तनाचा पूर्वरंग-उत्तररंग ख्रिस्तकथेला लावला आणि लक्ष्मीबाईंनाही कीर्तनास उभे केले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. हे केवळ सौजन्याचे बोलणे नव्हते. तुकोबांनी त्यांना शिकविले होते की देवाशी बोलावयाचे तर ते आपल्या घरच्या भाषेत, आणि नामाला विशिष्ट आसन लागत नाही. अभंगांजलीतील त्यांचे अभंग वाचताना हे ध्यानात येते. तेथे ख्रिस्त हा गुरू आहे आणि माउलीही आहे. भक्त त्याच्याशी रुसतो, आपली उणीव कबूल करतो आणि पुन्हा त्याच्या कुशीत शिरतो.

यातील मर्म असे. एकांत म्हणजे निर्जन जागा, असा आपला समज असतो. टिळकांनी तारुण्यात तो समज धरून अनेक गावे पालथी घातली आणि त्यांना काही लाभले नाही. प्रौढपणी त्यांना निर्जन जागा मिळण्याची शक्यताच उरली नव्हती, आणि तेव्हा त्यांना शांती लाभली. मुलांचे रडणे, भांड्यांचे आवाज, पाहुण्यांचे बोलणे यांच्यामध्येच मनाचे एक दार आतून लावून घेण्याची विद्या त्यांना साधली. डोंगरावरील प्रवचनात प्रार्थनेसाठी सांगितलेली खोली ती हीच असावी. दळण दळताना ओवी म्हणणाऱ्या आपल्या आज्यापणज्यांना ही विद्या अवगत होती. जाते थांबत नसे आणि विठ्ठलही सुटत नसे.

नाताळाची मूळ कथा तरी दुसरे काय सांगते? लूकच्या शुभवर्तमानातील वृत्तांत आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेला असेल. कैसराचा हुकूम सुटला, खानेसुमारीसाठी ज्याने त्याने आपल्या मूळ गावी जावे असे ठरले आणि बेथलेहेम माणसांनी भरून गेले. योसेफ आणि त्याची दिवस भरत आलेली मरिया तेथे पोचली तेव्हा उताराच्या ठिकाणी त्यांना जागा मिळाली नाही. बाळ जन्मले ते प्रवासात, आणि त्याला गव्हाणीत निजवावे लागले. त्या गर्दीतील कोणाला त्याची वार्ता नव्हती. ती कळली रानात मेंढरे राखीत जागणाऱ्या धनगरांना. म्हणजे पहिली नाताळाची रात्र ही निवांत रात्र नव्हतीच. ती धावपळीची, थकव्याची, परक्या गावातील रात्र होती. आणि देव त्या धावपळीतच आला.

आमच्या आष्टी तालुक्यातील माणसांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे येथील हजारो कुटुंबे बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला जातात. नाताळ येतो तेव्हा गावात म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले मागे राहिलेली असतात, आणि तरणीताठी माणसे कुठल्या कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत असतात. कित्येक आया त्या कोपीतच बाळंत होतात. गव्हाणीतल्या बाळाची गोष्ट त्यांच्यासाठी चित्रातली गोष्ट नाही. आष्टीतील एखाद्या घराने या दिवसांत मागे राहिलेल्या अशा एका मुलाला फराळाला बोलाविले, तर नाताळाचा अर्थ त्या घराला, मग ते कोणत्याही धर्माचे असो, पुरता कळला असे आम्ही म्हणू. टिळकांनी तरी दुष्काळात याहून वेगळे काय केले?

ख्रिस्तकथा ओवीत गावी ही परंपरा मराठीत जुनी आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाचे ख्रिस्तपुराण गोव्यात १६१६ साली छापले गेले. ज्ञानोबा-तुकोबांच्या भाषेवर एका परदेशी साधूने जडविलेले ते प्रेम होते. टिळकांनाही वाटले की ख्रिस्ताचे समग्र चरित्र आपल्या लोकांच्या कानी पडावे, ते पोथीसारखे लावता यावे, ओसरीवर बसून बायाबापड्यांनी ऐकावे. त्यांनी ख्रिस्तायन रचण्यास आरंभ केला. त्याच सुमारास १९१२ पासून ज्ञानोदय या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. हे पत्र १८४२ साली नगरातच निघाले होते. लेख लिहावे, मुद्रिते तपासावी, शिकवावे, कीर्तने करावी, घरी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, असा त्यांचा दिनक्रम झाला. ख्रिस्तायन मात्र थोडे अध्याय होऊन अडले.

टिळकांना आम्ही निर्दोष साधू म्हणून वाचकांपुढे ठेवीत नाही. त्यांचा राग क्षणात भडके आणि क्षणात विझे. व्यवहार त्यांना कधी साधला नाही. त्यांच्या उदारपणाचे ओझे पुष्कळदा दुसऱ्याच्या खांद्यावर पडले. पण माणूस आपल्या उणिवा देवापुढे मोकळेपणाने मांडतो तेव्हा त्या उणिवाही भक्तीची सामग्री होतात, हे त्यांच्या अभंगांनी दाखविले. धर्म बदलला म्हणून देश बदलला असे त्यांनी कधी मानले नाही. प्रियकर हिंदिस्तान ही कविता लिहिणारा हा कवी अखेरपर्यंत या मातीचा भक्त राहिला. ख्रिस्ती झालेल्याने परदेशी पोशाख, परदेशी नावे, परदेशी रीती उचलाव्यात हे त्यांना रुचत नसे.

१९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली. त्यांनी संन्यास घेतला. परंतु हा संन्यास आपल्या परिचयाचा नव्हता. त्यांनी पत्नी सोडली नाही, मुले सोडली नाहीत. पगार, पद आणि त्यांतून येणारी सुरक्षितता एवढेच त्यांनी टाकले. साताऱ्यास जाऊन त्यांनी देवाचा दरबार स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंनी तेथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावे, एकमेकांचे बंधू व्हावे, अशी त्यांची योजना होती. ही कल्पना त्यांच्या स्वतःच्या समाजातील अनेकांना पटली नाही, आणि आपल्या समाजातही तिला घर मिळाले असे नाही. तरीही तिचे मोल कमी होत नाही. पंचवीस वर्षांच्या तरुणाने घर टाकून शोधलेला वैराग्याचा मार्ग आणि पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाने घरासह स्वीकारलेला संन्यास, यांमधले अंतर हेच टिळकांचे खरे चरित्र होय.

५ मे १९१८ रोजी बालकवी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून गेले. टिळकांच्या घरातील एक लाडका आवाज बंद झाला. पुढील वर्षी टिळकांची प्रकृती ढासळली, उपचारांसाठी त्यांना मुंबईस आणण्यात आले, आणि ९ मे १९१९ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. दरबार बाल्यावस्थेत होता, ख्रिस्तायन अपुरे होते, घरात संपत्ती म्हणावी अशी काही नव्हती. लौकिक दृष्टीने पाहता अपुऱ्या कामांचा ढीग मागे टाकून ते गेले.

परंतु या ढिगातील एक काम त्यांच्या पत्नीने उचलले. कोणत्याही शाळेची पायरी रीतसर न चढलेल्या, पतीकडून अक्षरे शिकलेल्या, आयुष्यभर दुसऱ्यांची पाने वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी उतारवयात ख्रिस्तायनाचे उरलेले अध्याय ओवीत रचले आणि ग्रंथ पूर्णत्वास नेला. जोडीने त्यांनी स्मृतिचित्रेही लिहिली. मराठी आत्मचरित्रांत त्या पुस्तकाला आजही आदराचे स्थान आहे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला. नवऱ्याला शांती शोधण्यासाठी गावोगाव हिंडावे लागले. बाईंना हिंडण्याची सोय नव्हती. त्यांनी ती चुलीपाशी, पाळण्यापाशी, आजाऱ्यांच्या उशापाशी मिळविली. आम्हांस तर वाटते, या घरातील अधिक कठीण साधना त्यांचीच होती.

लेखाच्या आरंभी आम्ही चुलीपुढे थकलेल्या ज्या गृहिणीचे स्मरण केले, तिच्याकडे आता परत येऊ. नाताळ असो, महालक्ष्म्या असोत वा दत्तजयंती असो, सणाची गर्दी टळणार नाही, आणि ती टळावी अशी इच्छाही आपण करू नये. पाहुणा हा सणाचा शोभादायक भाग आहे. मात्र एवढे करता येईल की घरातील सर्वांनी मिळून तिच्या कामातील दोन कामे उचलावी, आणि पाने वाढण्यापूर्वी सर्वांनी, तिच्यासह, देवापुढे काही क्षण मुकाट्याने बसावे. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे या दिवसांत फराळाला गेलो तर त्यांच्याही घरी आपल्यामुळे काम वाढू नये याची काळजी घ्यावी. आणि जमल्यास, जेवण झाल्यावर, टिळकांचा एखादा अभंग त्यांना म्हणावयास सांगावे. चाल आपल्या ओळखीचीच असेल. तो ऐकताना भांड्यांचा आवाज आपोआप थांबेल, आणि त्या घराला व आपल्याला सणाचा हेतू काही काळ तरी सापडेल.